काच आपणहून घसरते तेव्हा

जुन्या स्लाइडची कव्हरस्लिप बदलणारा कसबी तंत्रज्ञ बघावा तो काच काढताना नव्हे, काच काढायचं थांबताना.

पूर्वी कायमस्वरूपी स्लाइडी बहुधा कॅनडा बाल्सममध्ये बसवत. फर झाडाच्या या राळेचा अपवर्तनांक काचेच्या अगदी जवळचा, १.५२ च्या आसपास. त्यामुळे पट्टी, राळ आणि वरची काच यांच्यातल्या सीमा पुसल्या जातात. दिसतो तो फक्त ऊतीचा रंगवलेला छेद. पण वर्षं सरली की बाल्सम पिवळा पडतो, आम्लधर्मी होतो, हिमॅटॉक्सिलिनचा निळा-जांभळा रंग खातो. कडेने आक्रसला की हवा आत शिरते आणि पेशींऐवजी काळ्या कडांचे बुडबुडे नजरेत भरतात.

अशी स्लाइड बाल्सम विरघळेपर्यंत झायलीनमध्ये बुडवून ठेवायची. किती वेळ? कधी दिवसभर, कधी कित्येक आठवडे. छेद जेमतेम ४-५ मायक्रोमीटर जाडीचा. ब्लेडचं टोक जरा रेटलं की तो काचेबरोबर फाटून येतो. म्हणून जाणता माणूस स्लाइड नुसती तिरपी धरून पाहतो. काच आपणहून घसरली तर ठीक, नाहीतर स्लाइड पुन्हा झायलीनमध्ये. फ्रीझरमध्ये गार करून ब्लेडने काच उडवतात, तेही साधतं. पण एकुलत्या एका नमुन्यावर ते करणं मला मुळीच पटत नाही.

उरलेला बाल्सम ताज्या झायलीनने धुतला की फिकट छेद अल्कोहोलमधून पाण्यात आणून पुन्हा रंगवता येतो. रंग उडाला तरी ऊती जागच्या जागी असते, ही मला या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

मग छेद पुन्हा अल्कोहोलमधून झायलीनमध्ये, आणि त्यावर डीपीएक्स या कृत्रिम राळेचा बेताचा थेंब. नवी काच एका कडेवर टेकवायची, दुसरी कड सुईवर तोलत खाली आणायची. द्रवाची ओली रेघ काचेखालून सरकत जाते आणि हवेला पुढे घालून बाहेर काढते. थेंब जास्त झाला तर थर जाड होतो आणि मोठ्या भिंगाखाली चित्र धूसर येतं. ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला ०.१७ हा आकडा कव्हरस्लिपच्या मिलिमीटरमधल्या जाडीचाच आहे.

तुमच्या विभागात पिवळ्या स्लाइडी असतील तर मोडीत काढू नका. आधी लेबलासकट फोटो घ्या, डायमंड पेन्सिलने क्रमांक काचेवर कोरा, कारण झायलीनमध्ये शाई टिकेलच असं नाही. आणि पहिला हात कमी मोलाच्या स्लाइडवर, फ्यूम हूडखाली बसवा.