बोटाला कळणारी कळ

आयबीएम कंपनीच्या मॉडेल एम या कळफलकाच्या पाठीवर एक छोटं लेबल असतं आणि त्यावर तो तयार झाल्याची तारीख छापलेली असते. माझ्याकडच्या कळफलकावर १९८९ साल आहे. त्यात कळांखाली दिवे नाहीत, गाण्याचा आवाज कमी-जास्त करणारी चकती नाही, विंडोजची कळसुद्धा नाही. महागडे, नाना सोयींचे कळफलक घ्यावेत का, असं कुणी विचारलं की मी त्याला याच्यासमोर बसवतो आणि एकच कळ अगदी सावकाश दाबायला सांगतो.

कळ खाली जाऊ लागते तसा बोटाखाली विरोध वाढत जातो. मग एका क्षणी तो एकदम ढळतो, ‘टक्’ असा खणखणीत आवाज येतो आणि अक्षर पडद्यावर उमटलेलं असतं. आत काय घडलं? प्रत्येक कळीखाली एक बारीक स्प्रिंग उभी असते आणि तिच्या तळाशी डुलणारी लहानशी पट्टी. स्प्रिंग दबता दबता कंबरेत वाकते, सभोवतालच्या नळीच्या भिंतीवर आपटते आणि त्याच झटक्यात खालची पट्टी कलून विजेचा संपर्क जुळवते. बोटाला जाणवलेलं, कानाला ऐकू आलेलं आणि संगणकाला मिळालेलं, तिन्ही एकाच घटनेतून जन्मतं. चांगल्या कवितेत शब्द आणि अर्थ वेगळे काढता येत नाहीत, तसं इथे नाद आणि काम वेगळं काढता येत नाही.

आता हेच बोट ऑफिसातल्या साध्या कळफलकावर ठेवून पाहावं. तिथे कळीखाली रबराची टोपी असते. ती दबते, पण संपर्क होतो तो तळाशी. म्हणून प्रत्येक अक्षरासाठी बोट तळावर आदळावं लागतं, आणि अक्षर उमटलं की नाही याची खात्री डोळ्यांनी करावी लागते. मराठीत ‘कळ’ आणि ‘कळणं’ शेजारी राहतात. मला वाटतं, जी दाबल्यावर बोटाला कळते, तीच खरी कळ.

आजचे मेकॅनिकल कळफलक बहुधा जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचांच्या घराण्यातले असतात. त्यांची कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते आणि साधारण २ मिलिमीटरवर अक्षर नोंदवते. लाल स्विच सरळ, गुळगुळीत उतरतो; तपकिरी मध्यावर हलकी ठेच देतो; निळा ठेचेबरोबर आवाजही करतो. मात्र निळ्यातला आवाज एका वेगळ्या सरकत्या भागाचा असतो आणि संपर्क दुसऱ्याच पातीचा. कान लावून बसणाऱ्याला हा बारीक फरक जाणवतो. तरीही तळावर न आदळता लिहिता येणं हे सुख या सगळ्यांत आहे, आणि त्यासाठी दिलेले पैसे सार्थकी लागतात.

मॉडेल एमचं बाकीचं शरीरही कळ बोटाला कळण्याच्या त्या एका क्षणाची राखण करतं. त्याचं वजन दोन किलोंहून जास्त, त्यामुळे वेगाने लिहितानाही तो जागचा हलत नाही. आतला पोलादी पत्रा किंचित वक्र आहे, म्हणून कळांच्या रांगा पायऱ्यांसारख्या बोटांकडे वळतात. कळांच्या टोप्या पीबीटी या चिवट प्लॅस्टिकच्या असतात आणि अक्षरांचा रंग त्यांच्या अंगात मुरवलेला असतो; वर्षानुवर्षांच्या वापरानेही ती सहसा पुसली जात नाहीत.

याच्यावर मराठी लिहू लागलं की आणखी एक रस सापडतो. मॉडेल एम आला १९८५ मध्ये. त्याच दशकात आपल्याकडे इन्स्क्रिप्ट ही मांडणी आखली गेली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘किती’ लिहा : उजवा क, डावी वेलांटी, उजवा त, डावी वेलांटी. डग्गा-तबल्यासारखे दोन्ही हात आळीपाळीने बोलतात. ‘महाराष्ट्र’ लिहायला, शिफ्ट वगळता, दहा आघात लागतात. त्यांतले दोन पाय मोडण्याचे, डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे. पडद्यावर ते चिन्ह ‘ष्ट्र’मध्ये विरून जातं, वाचणाऱ्याला दिसतही नाही. लिहिणाऱ्याच्या हाताला आणि कानाला मात्र ते दोन ठोके लागलेले असतात. जोडाक्षर कसं जोडलं जातं हे इतकं स्पष्ट मला शाळेतल्या पाटीवरही उमगलं नव्हतं.

उणिवा आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. घरात कुणी झोपलं असेल तर हा कळफलक वापरता येत नाही. आतला पत्रा प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी धरलेला असतो आणि वयोमानाने ती तुटतात. अनेक कळा एकाच वेळी दाबल्या तर सगळ्या नोंदवल्या जातीलच असं नाही. खेळ खेळणाऱ्याला ते चालणार नाही, त्याने प्रत्येक कळ स्वतंत्रपणे ओळखणारा नवा कळफलकच घ्यावा.

जास्तीच्या सोयींपैकी एकीचा मात्र मला मनापासून मोह आहे : कळांची नेमणूक बदलता येण्याचा. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ळ’साठी शिफ्ट धरून ‘ल’ची कळ दाबावी लागते. बाळ, शाळा, आभाळ, डोळे, सगळीकडे दोन बोटांची कसरत. नव्या कळफलकांत एखाद्या रिकाम्या कळीला या दोन्ही दाबांचं काम एकदाच शिकवता येतं. मराठीच्या इतक्या जिव्हाळ्याच्या अक्षराला स्वतःची कळ मिळणं, याला मी चैन म्हणणार नाही.

म्हणून निवडताना माझी कसोटी एकच असते : ही सोय बोट आणि अक्षर यांच्यामधल्या त्या क्षणाला स्पर्श करते का? स्विच करतो, टोप्या करतात, वजन करतं, नेमणूक बदलण्याची मुभा करते. रंगीत दिवे करत नाहीत. डोळे पडद्यावर असताना ते दिसतही नाहीत. दुकानात गेलात तर डोळे मिटा, एक कळ हळूच दाबा, आणि ती कुठे कळते ते बोटाला विचारा.