‘खाडी’ : एका शब्दाच्या अर्थव्याप्तीची चिकित्सा

प्रस्तावना :
कोकणच्या किनाऱ्याचे वर्णन ‘खाडी’ या शब्दावाचून पूर्ण होत नाही. ‘समुद्राचा जमिनीत शिरलेला अरुंद फाटा’ अशी या शब्दाची सर्वसाधारण ओळख करून दिली जाते. ही व्याख्या चुकीची नसली तरी अपुरी आहे. तिचा अपुरेपणा कोशापुरता मर्यादित न राहता किनाऱ्याच्या संरक्षणापर्यंत पोहोचतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अर्थव्याप्ती :
सावित्रीचे मुख बाणकोटची खाडी, वाशिष्ठीचे दाभोळची, शास्त्रीचे जयगडची, तर वाघोटनचे विजयदुर्गची खाडी म्हणून ओळखले जाते. भरतीचे पाणी लागताच नदीचे नाव मागे पडते आणि बंदराचे नाव पुढे येते. पाणी कोठून आले यापेक्षा गलबत कोठे लागते, याला या नामकरणात महत्त्व आहे. उल्हास नदीचे मुख असलेली वसईची खाडी याच प्रकारात मोडते. ठाण्याच्या खाडीचे स्वरूप मात्र निराळे आहे. तिला कोणतीही मोठी नदी थेट मिळत नाही. उत्तरेस एका चिंचोळ्या प्रवाहाने ती उल्हासशी जोडलेली आहे. तरीही लोकव्यवहार दोहोंना खाडीच म्हणतो. म्हणजेच नदीचे असणे वा नसणे हा या शब्दाचा निकष नसून भरती-ओहोटी हा आहे.

हिंदीत ‘खाड़ी’ या शब्दाची व्याप्ती बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. मराठीने मात्र उपसागर, आखात आणि खाडी असा भेद जपला आहे. ‘आखाती देश’ हा रूढ प्रयोग असताना ‘खाडी देश’ म्हणणे हा भेद पुसून टाकणारे आहे.

व्यवहारातील परिणाम :
किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी भरतीच्या प्रभावाची सीमा पाण्याच्या क्षारतेवरून, कोरड्या ऋतूतील दर हजारी ५ भाग या प्रमाणावर, ठरविली आहे. कायद्याचा हा निकष लोकभाषेच्या निकषाशी जुळणारा आहे. मात्र अशा जलप्रवाहांच्या काठचा नियमनाचा पट्टा २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांपैकी जे कमी असेल तेवढा होता. २०१९ च्या अधिसूचनेत १०० मीटरच्या जागी ५० मीटर आले. ठाणे खाडीस २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु शहरांतील खाडीच्या लहान फाट्यांना सर्रास ‘नाला’ म्हटले जाते. नाल्यात सांडपाणी सोडणे वा भराव घालणे कोणाला खटकत नाही. माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीलाही अनेकजण नालाच समजत होते. २६ जुलै २००५ च्या महापुराने ती नदी असल्याची जाणीव करून दिली.

निष्कर्ष :
‘भरती-ओहोटीचे पाणी जेथवर खेळते तेथवरचा, नदी मिळो वा न मिळो, जमिनीत शिरलेला जलमार्ग’ अशी खाडीची व्याख्या पाठ्यपुस्तकांत व कोशांत स्वीकारली जाणे आवश्यक आहे. खाडीचे नाव नाला झाले की तिच्या काठची खाजणे आणि तिवरेही पडीक जमीन ठरतात. म्हणून या शब्दाच्या अर्थाची निश्चिती हा केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही.