मेल्यावर काय मिळतं?

ॲक्शन गेममध्ये आपण मरणारच. पण का मेलो, हे कळायला हवं. माझी कसोटी एवढीच.

'सेकिरो' (2019) इथे सगळ्यांच्या पुढे. वार नेमक्या क्षणी तलवारीवर परतवला की शत्रूचा तोल ढळत जातो. लांब पळालो तर तो सावरतो. गेनिचिरोकडून विसाव्यांदा मेलं तरी कारण शोधावं लागत नाही.

'गॉड ऑफ वॉर' (2018) खेळावा तो कुऱ्हाडीसाठी. फेकली, बटण दाबलं, की सणसणत हातात परत! पण तेच ते ट्रोल थोड्या फरकाने येत राहतात. तिसऱ्याकडे शिकवण्यासारखं काही उरत नाही.

'सेकिरो'त सोपी पातळी नाही, आणि चाहते त्याचाच तोरा मिरवतात. ते मला पटत नाही. 'हेडीस'मध्ये (2020) गॉड मोड लावला की इजा 20 टक्के कमी होते, आणि दर मरणामागे आणखी 2 टक्के, 80 पर्यंत. गोष्टही मरणातूनच पुढे सरकते. ऑफिसनंतर जेमतेम तासभर खेळणाऱ्याची ही कदर आहे.

गेम अवघड आहे म्हणून त्याला डोक्यावर घेऊ नये. आपलं मरण तो वाया घालवत नाही ना, एवढं बघावं.