‘कोलिअर’ म्हणजे नुसता खाणकामगार?

समजा, तुमचे बाबा साताऱ्याचे आणि आई फाइफची. एका पावसाळी शनिवारी तुम्ही आईकडचं घराणं शोधायला बसता. स्कॉटलंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली 1855 साली. त्याच्या मागे जायचं तर चर्चच्या पॅरिश वह्या. तिथे बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाच्या नावापुढे कधीकधी धंदा लिहिलेला असतो. मग आपण सगळे करतो तेच तुम्हीही करता, जुन्या धंद्यांची एखादी यादी उघडता. सूटर म्हणजे मोची, बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारा, हेकलर म्हणजे अळशीचे तंतू विंचरणारा. झालं, चला पुढच्या पिढीकडे.

माझं भांडण या याद्यांशी आहे. त्या खोटं सांगत नाहीत, पण हातात कुठलं हत्यार होतं तेवढंच सांगून थांबतात. माणूस कुणाचा बांधील होता, ते राहूनच जातं.

‘कोलिअर’ घ्या. यादी म्हणते, कोळसा खाणीतला कामगार. पण नोंद 1750 ची असेल तर? 1606 च्या कायद्याने स्कॉटलंडमधले कोलिअर आणि मीठ बनवणारे सॉल्टर मालकाला बांधले गेले होते. त्याच्या दाखल्याशिवाय दुसरीकडे काम धरता येत नसे; पळून गेला तर मालक परत मागून घेई. 1701 साली बेकायदा कैदेविरुद्ध संरक्षण देणारा कायदा झाला, त्यातूनही हे दोन धंदे मुद्दाम वगळले! सुटका सुरू झाली 1775 मध्ये, आणि पुरती व्हायला 1799 उजाडलं.

आणि तो बाप्तिस्मा. मालक त्या प्रसंगी बापाच्या हातावर ‘आर्ल्स’ ठेवायचा, म्हणजे चक्क इसार. जमिनीच्या व्यवहारात देतात ना, तसा. तो घेतला की मूलही खाणीला बांधलं गेलं. ज्या ओळीचा स्क्रीनशॉट तुम्ही कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकता, तिच्यामागे हा सौदा असू शकतो.

बायकांचं तर विचारूच नका. पूर्वेकडच्या खाणींत नवरा किंवा बाप कोळसा फोडायचा आणि घरातल्या बायका-मुली तो पाठीवर घेऊन वर चढायच्या. त्यांना ‘बेअरर’ म्हणत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र धंदा बापाचा. बायकांचं जमिनीखालचं काम कायद्याने बंद झालं ते 1842 मध्ये. त्याच वर्षीच्या सरकारी चौकशी अहवालात अशा मुलींचे जबाब नावानिशी छापलेत. यादीतल्या दोन शब्दांपेक्षा ते वाचा, पण रात्री नको.

शब्दच हवा असेल तर ‘डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ फुकट आहे. तिथे अर्थाखाली जुन्या लेखनातले दाखले सालासकट मिळतात, म्हणजे शब्द कुणाच्या तोंडी होता तेही थोडंफार कळतं. बाकी, नोंद सापडली की धंद्याच्या आधी साल बघा: 1799 च्या अलीकडचं की पलीकडचं?