प्रवासवर्णनातील झाकलेले भांडे

मराठी प्रवासवर्णनाला बहर आला आहे असे आपण वारंवार म्हणतो, आणि ते खोटे नाही. कोणत्याही बऱ्यापैकी ग्रंथालयाच्या एका कपाटात आता अर्धा आशिया खंड मावतो. तथापि ही पुस्तके ओळीने वाचू लागले की एक गोष्ट खटकते. आपला लेखक पाहतो पुष्कळ, ऐकतोही बरेच. पण परक्या पंगतीत जेवायला बसला की त्याची भाषा आकसते. देवळांच्या शिखरांना, बुद्धमूर्तीच्या स्मिताला, नर्तकीच्या बोटांना पानेच्या पाने मिळतात. आणि ज्या अन्नावर ते मूर्तिकार आणि त्या नर्तकी वाढल्या, त्याची बोळवण एखाद्या विनोदावर होते. असे का व्हावे आणि त्यामुळे या वाङ्मयप्रकाराचे काय नुकसान होते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यायचा आहे.

पाहणे दुरून साधते. त्यासाठी यजमानाची संमती लागत नाही. तिकीट काढले की पुरे. जेवणाचे तसे नाही. दुसऱ्याच्या हातचे अन्न आपल्या देहात घ्यायचे म्हणजे त्या हातावर विश्वास टाकावा लागतो. म्हणून प्रवासी परक्या समाजाच्या किती जवळ गेला हे त्याच्या स्थलवर्णनापेक्षा त्याच्या भोजनवर्णनातून अधिक लवकर कळते. ही कसोटी जिभेच्या चोचल्यांची मुळीच नव्हे. एखाद्याने सबंध प्रवास फळांवर काढला तरी तो या कसोटीला उतरू शकेल. लोक काय शिजवतात, कोण शिजवते, कोण कोणाबरोबर बसते, हे त्याने डोळसपणे विचारले असले म्हणजे झाले.

आपल्या या आकसण्याचे मूळ शोधायचे तर आपल्याकडे आलेल्या प्रवाशांना विचारावे. इसवी सन 641 च्या सुमारास युआन श्वांग हा चिनी भिक्षू महाराष्ट्रात आला. येथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोसत नाहीत, हा त्याचा अभिप्राय आपण अभिमानाने सांगतो. पण भारतीयांच्या चालीरीतींविषयी त्याच ग्रंथात त्याने जे नोंदले आहे ते आपण सहसा सांगत नाही : उरलेले अन्न पुन्हा वाढत नाहीत, जेवणाची भांडी एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि मातीचे वा लाकडाचे भांडे एकदा वापरले की टाकून देतात. त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला आणि पुढे बहमनी राज्याची राजधानी बीदर येथे तो गेला. हे लोक उजव्या हाताने जेवतात, चमचा त्यांना ठाऊक नाही, प्रवासात प्रत्येकाचे भांडे वेगळे, हे तो लिहितो. परधर्मीयाची नजर भांड्यात पडू नये म्हणून जपतात, नजर पडलीच तर ते अन्न टाकतात, आणि काही जण तर जेवताना वस्त्राआड बसतात, हेही तो लिहितो. एक बौद्ध, दुसरा ख्रिस्ती. दोघांमध्ये आठ शतकांचे अंतर. तरी दोघांच्या डोळ्यांत भरला तो आपला जेवणातला आडपडदा.

मात्र आपल्या भाषेतले गद्य जन्मले ते हा पडदा बाजूला सारूनच. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते गावोगाव हिंडून, ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिले होते त्यांना विचारून. त्या लीळांतून गोदाकाठचा रस्ता दिसतो, देवळांचे ओटे दिसतात, आणि कोणी काय रांधले, कोणी काय आणून दिले, हेही दिसते. महानुभावांची भिक्षा चारी वर्णांच्या दारांतून येणारी होती. पुढे ‘स्थानपोथी’त तर स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या बाजूला बसले याची नोंद झाली. या ग्रंथांना प्रवासवर्णन म्हणण्याची आपल्याला सवय नाही. पण पाहिलेले ठिकाण आणि खाल्लेले अन्न यांना सारखाच मान देणारे मराठी गद्य त्यानंतर फारच थोडे झाले, असे म्हणावेसे वाटते.

‘माझा प्रवास’ या गोडसे भटजींच्या ग्रंथाशी आपण आलो की पंगत पुन्हा आक्रसलेली आढळते. दक्षिणेच्या आशेने 1857 साली वरसईहून निघालेला हा याज्ञिक बंडाच्या वावटळीत सापडतो, झाशीची लूट लपून पाहतो आणि अखेरीस गंगेची कावड घेऊन घरी येतो. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे मोल वादातीत आहे. भुकेचे, आसऱ्याचे, मिळालेल्या आणि लुटल्या गेलेल्या द्रव्याचे त्याचे वर्णन इतके प्रांजळ आहे की आजही वाचताना जीव कासावीस होतो. पण त्याचा घास स्वजातीच्या चुलीशी बांधलेला आहे. त्याबद्दल त्याला दोष देणे अनैतिहासिक होईल. तो आपल्या काळाशी प्रामाणिक होता. प्रश्न आहे तो, काळ बदलल्यावर लिहिणाऱ्यांचा.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’चे उदाहरण येथे अपरिहार्य आहे. ‘अपूर्वाई’नंतर, 1963 साली आलेल्या या पुस्तकाने मराठी वाचकाचे तोंड पश्चिमेकडून पूर्वेकडे वळवले, ही त्याची मोठी कामगिरी. आग्नेय आशिया आणि जपान ही नावे त्यापूर्वी आपल्याला युद्धाच्या बातम्यांतून ठाऊक होती. ‘पूर्वरंग’ने तेथे माणसे राहतात हे दाखवले. नृत्य आणि नाट्य पाहताना या लेखकाची दृष्टी जाणत्या कलावंताची असते. अन्नाच्या बाबतीत मात्र विनोदकार पुढे येतो. तो विनोद स्वतःवरच उलटवलेला असल्यामुळे कोठेही हिणकस होत नाही, हे खरे. तरीही याच लेखकाचा ‘हसवणूक’मधील ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख शेजारी ठेवून पाहावा. घरच्या अन्नाविषयी ज्याची लेखणी इतकी रसाळ होते, त्याच्याकडून परक्या अन्नाला तो जिव्हाळा का मिळू नये? माझ्या मते उत्तर असे, की घरच्या पदार्थामागची माणसे त्याला ठाऊक आहेत. परक्या पदार्थामागची चूल त्याने पाहिलेली नाही. चूल न पाहता पदार्थाविषयी लिहिले की हातात विनोद तेवढा उरतो.

मीना प्रभु यांनी पुढे या वाटेवर बरीच मजल मारली. ‘चिनी माती’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ या पुस्तकांत इतिहास आणि वास्तू यांच्या बरोबरीने मुक्कामाचे ठिकाण, बाजार, वाटेत भेटलेली माणसे यांना हक्काची जागा मिळाली. बाईमाणूस परक्या घराच्या माजघरापर्यंत पोहोचू शकते, ही सोय पुरुष प्रवाशांना नव्हती. तिचा साहित्याला झालेला लाभ येथे दिसतो. तथापि त्यांच्या मागोमाग निघालेल्या पुस्तकांपैकी बहुतेकांनी त्यांचा उत्साह घेतला आणि चौकसपणा मागे ठेवला. पुष्कळशा प्रवासी कंपन्या आपला आचारी बरोबर नेतात आणि परदेशात वरणभात मिळेल अशी जाहिरात करतात. म्हणजे निकितिनने पाहिलेले वस्त्र आता विमानाने जाते. त्या सहलींवरून आलेल्या लेखांत पॅगोडाची उंची असते आणि पदार्थाचा ‘वास’ असतो. त्या दोहोंच्या मध्ये माणूस नसतो.

हे सारे मी परभणीत बसून लिहितो आहे, तेव्हा एवढ्या कठोरपणे बोलण्याचा अधिकार मला आहे काय, असे कोणी विचारील. तो प्रश्न रास्त आहे. म्हणून ही कसोटी घरच्या अंगणात लावून पाहू. येथल्या कोरड्या रानात माघाच्या सुमारास हुरड्याची आगटी पेटते. कोवळी कणसे भाजून, तळहातावर चोळून गरम दाणे पुढे येतात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते कढत पाण्यात मळावे लागते आणि भाकरी लाटण्याऐवजी हाताने थापावी लागते; ती करणाऱ्या बाईच्या तळव्यात किती वर्षांचा सराव असतो, हे तव्यावरच्या फुगलेल्या भाकरीवरून कळते. येथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ ही ज्वारी दिली, 2018 साली लोह आणि जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ दिली. जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत, चारठाण्याची प्राचीन मंदिरे आहेत, गंगाखेडला जनाबाईचे गाव आहे. यांपैकी किती गोष्टी मराठी प्रवासवर्णनात आल्या? बालीचे देऊळ आपल्याला तोंडपाठ असते आणि चारठाण्याचा स्तंभ ऐकूनही ठाऊक नसतो.

आणि ज्याला आपण दूरचा आशिया म्हणतो तो तर आमच्या गल्लीतच राहतो. फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेथे सर्व जातीधर्मांचे लोक जातात. तेथे दिसणारा हलवा अरबी शब्द घेऊन आला, बिर्याणी फारसी. शिरखुर्मा म्हणजे फारसीत दूध आणि खजूर. इराणला न जाताही तो परभणीकराच्या वाटीत पोहोचलेला आहे.

पण ती वाटी कशी पोहोचते ते सांगितले पाहिजे. माझ्या लहानपणी ईदच्या सकाळी शेजारच्या घरून आमच्याकडे रुमालाने झाकलेले ताट येई. त्यात शिजवलेले काहीच नसे : शेवया, साखर, खारका, खोबरे, चारोळी. दूध आमचे, चूल आमची. आई त्याचा शिरखुर्मा करी आणि आम्ही तो आवडीने खात असू. दिवाळीला आमच्याकडून मात्र तळलेला, शिजवलेला फराळ त्यांच्याकडे जाई, आणि ते तो निःशंकपणे खात. या व्यवहारात कोणी कोणाचा अपमान केला नाही. शेजाऱ्यांनी तर आमचे सोवळे आमच्याहून अधिक नाजूकपणे सांभाळले. मोठेपणी एकदा मी त्यांच्या घरी बसून शिरखुर्मा खाल्ला, तेव्हा तो मला ओळखीचा वाटला नाही. त्या शेवया तुपावर अधिक परतत आणि दूध कितीतरी वेळ आटवत. वीस वर्षे एका भिंतीपलीकडे राहून मला हे ठाऊक नव्हते. जो पदार्थ मी दर वर्षी खाल्ला असे मानत होतो, तो मी खाल्लाच नव्हता.

आपल्या प्रवासवर्णनांतील आशिया मला त्या ताटासारखा वाटतो. जिन्नस सगळे परदेशचे आहेत. शिजवले मात्र आपण, आपल्या चुलीवर, आपल्या चवीने. त्याची गोडी मी नाकारीत नाही. पण त्याला त्या देशाची चव म्हणू नये. कोणी शाकाहारी असेल, कोणाला एखादी गोष्ट घशाखाली उतरवता येणार नाही. त्याने तसे स्पष्ट लिहावे आणि यजमानाच्या चेहऱ्यावर तेव्हा काय उमटले तेही लिहावे. तो नकारही वाङ्मय होऊ शकेल. दुर्गाबाई भागवतांनी ‘खमंग’मध्ये दाखवले आहे की पाककृतीत लोकजीवनाचे ज्ञान साठलेले असते. त्या ज्ञानाची दखल घेणाऱ्या प्रवासवर्णनाची मी वाट पाहतो आहे. त्याचा लेखक जपानला गेलेला असावाच असा माझा आग्रह नाही. त्याने शेजारच्या घरात बसून, तेथल्या भांड्यातले, तेथल्या हातचे खाल्लेले असावे. आणि ते कसे रांधले हे विचारण्याइतका वेळ त्याच्यापाशी असावा.