खेळ, नोंद आणि लेखन : ब्राँटे भावंडांच्या बाललेखनाचा विचार

लेखकाच्या घडणीचा विचार करताना आपल्या समीक्षेत 'बालपणीचे संस्कार' हा शब्दप्रयोग फार सैलपणे योजला जातो. आजीच्या गोष्टी, कीर्तने, जत्रेतील खेळ यांचा उल्लेख केला की लेखनाच्या आवडीचा उगम सापडला, असे चरित्रकार मानतो. परंतु त्या गोष्टी ऐकणारी आणि ते खेळ पाहणारी मुले असंख्य असतात. जन्मभर लेखणी न सोडणारी फार थोडी. करमणुकीतून लेखन नेमके कोणत्या टप्प्यावर उद्भवते, हा खरा प्रश्न होय. त्याच्या विचारास इंग्लंडमधील ब्राँटे भावंडांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण तेथे खेळ व लेखन यांना जोडणारे अनेक दुवे कागदावर शिल्लक राहिले आहेत.

यॉर्कशरमधील हॉवर्थ येथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे यांनी जून १८२६ मध्ये लीड्सहून आपल्या मुलासाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. त्या वेळी शार्लट दहा वर्षांची होती, ब्रॅनवेलला नववे वर्ष पुरे व्हावयाचे होते, एमिली सात वर्षांची व ॲन सहा वर्षांची होती. प्रत्येकाने एकेक शिपाई निवडून त्याचे नामकरण केले. शार्लटचा वेलिंग्टन झाला, ब्रॅनवेलचा बोनापार्ट. या वीरांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राज्य वसविले आणि 'ग्लास टाउन' ही नगरी उभी राहिली. मुले स्वतः त्या सृष्टीतील अद्भुत शक्ती बनली. लढाईत पडलेल्या शिपायास पुन्हा जिवंत करण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडे ठेवला होता.

येथवरचा खेळ कोणत्याही घरात घडण्यासारखा आहे. तो लेखनाकडे का वळला, याचे एक कारण मला त्याच्या सामाईक स्वरूपात दिसते. चौघांनी मिळून चालविलेल्या कथेत काल कोण मेला, कोण राजा झाला, याविषयी एकमत असावे लागते. आणि एकमत टिकविण्यास नोंद हवी. शार्लटने १८२९ च्या मार्चमध्ये लिहिलेल्या एका टिपणात या निरनिराळ्या खेळांचा आरंभ केव्हा झाला, हे महिना व वर्ष देऊन सांगितले आहे. खेळणाऱ्या मुलीने येथे इतिहासकाराची भूमिका घेतली आहे.

दुसरे कारण भाषिक आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. एडिंबरोहून निघणारे 'ब्लॅकवुड्स मॅगझीन' ही मुले आवडीने वाचीत. त्याच्या धर्तीवर ब्रॅनवेलने १८२९ च्या जानेवारीत शिपायांसाठी एक मासिक सुरू केले. त्याच वर्षी त्याचे संपादन शार्लटकडे आले. शिपायांच्या आकारास शोभतील अशा चिमुकल्या पुस्तिका शिवून त्यांत छापील अक्षरांसारखे बारीक अक्षर काढले जाई. १८३० मधील अशी एक काडेपेटीएवढी पुस्तिका हॉवर्थच्या ब्राँटे संग्रहालयाने २०१९ साली पॅरिसच्या लिलावात ६ लाख युरोंच्या बोलीने मिळविली. तिच्या सुमारे वीस पानांत चार हजारांहून अधिक शब्द आहेत. या मासिकांत कथा, कविता, परीक्षणे, इतकेच नव्हे तर जाहिरातीही आढळतात. संपादकाचा अधिकार, परीक्षकाची कठोरता, जाहिरातदाराचे आर्जव या प्रत्येकाची भाषा वेगळी असते, आणि ती वापरल्यावाचून आत्मसात होत नाही. शार्लट तर वेलिंग्टनच्या धाकट्या मुलाच्या, लॉर्ड चार्ल्स वेल्स्लीच्या, तोंडून कथा सांगू लागली. दुसऱ्याच्या आवाजात बोलण्याचा हा सराव तिच्या पुढील निवेदनशैलीचा पाया होय, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र अशा खेळाचे फळ सर्वांना सारखे मिळत नाही. शिपाई ब्रॅनवेलचे, मासिकही मूळचे त्याचे. पण प्रौढपणी वृत्तपत्रांत कविता छापताना त्याने 'नॉर्थँगरलँड' हे त्याच कल्पित सृष्टीतील नाव धारण केले, आणि १८४८ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या नावावर एकही ग्रंथ नव्हता. उलट शार्लटने १८३९ च्या सुमारास या सृष्टीचा निरोप घेत असल्याचे लिहून ठेवले. 'जेन एअर' १८४७ साली प्रसिद्ध झाली. यावरून खेळ सोडल्याशिवाय लेखक होता येत नाही, असा नियम कोणी काढील. एमिलीचे उदाहरण त्याच्या आड येते. १८४५ मध्ये ॲनबरोबर यॉर्कच्या प्रवासास गेली असतादेखील ती आपल्या 'गोंडल' राज्यातील पात्रांची सोंगे वठवीत होती, आणि दोनच वर्षांनी 'वुदरिंग हाइट्स' बाहेर आली. तथापि १८४४ मध्ये कवितांच्या शुद्ध प्रती करताना तिने गोंडलच्या कविता वेगळ्या वहीत ठेवल्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. ती त्या राज्यात राहत होती, पण त्याची सीमा तिला ठाऊक होती.

तात्पर्य, लेखकाच्या बालपणाकडे पाहताना त्याने काय ऐकले, काय पाहिले, एवढी यादी देऊन भागत नाही. कोणत्या खेळाची सत्ता त्याच्या हाती होती, त्या खेळाने त्याला काय लिहून ठेवावयास लावले, कोणाकोणाची भाषा त्याने उसनी घेतली आणि पुढे त्या खेळाशी त्याने कोणते नाते ठेवले, हे चार प्रश्न चरित्रकाराने विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळाली, तरच 'संस्कार' या शब्दास समीक्षेत काही निश्चित अर्थ प्राप्त होईल.