व्हॉल्व्हची नक्कल आणि वादकांच्या अपेक्षा

इलेक्ट्रिक गिटार नुसती, तार न जोडता वाजवली, तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही नीट पोचत नाही. तारांच्या खाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी असते. पोलादी तार हलली की गुंडाळीत एक क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवून स्पीकरकडे पाठवतो. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या पाठात इतके सांगितले की आपले काम संपते. पण गिटारवादकाला विचारा. तो म्हणेल, माझ्या हातात आहे ते अर्धेच वाद्य, उरलेले अर्धे त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यात आहे.

हे उरलेले अर्धे गेली तीसएक वर्षे गणिताने बनवण्याचा उद्योग चालू आहे. त्या यंत्राला मॉडेलर म्हणतात. गिटारचा संदेश आकड्यांत रूपांतरित करायचा, एखाद्या नामांकित व्हॉल्व्ह अ‍ॅम्पने त्याचे जे केले असते ते आकडेमोडीने करायचे आणि उत्तर पुन्हा विजेच्या रूपात बाहेर द्यायचे, असा हा प्रकार. लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीने जून २०२५ मध्ये ‘हेलिक्स स्टेडियम’ हे आपले नवे अग्रणी यंत्र जाहीर केले. त्याआधीचे ‘हेलिक्स’ २०१५ सालचे. मधली दहा वर्षे वादक नव्या यंत्राकडून काय काय हवे याच्या याद्या करत होते. चिप अधिक वेगवान हवी, आवाज या वेळी तरी खऱ्या व्हॉल्व्हसारखा हवा, बोटांनाही तसेच ‘वाटायला’ हवे आणि स्वतःजवळच्या अ‍ॅम्पची प्रत काढून घेता यायला हवी. यंत्राचे परीक्षण करण्याचा माझा विचार नाही. परीक्षण करायचे आहे ते या अपेक्षांचे, कारण त्यांतल्या काही भौतिकशास्त्राला धरून आहेत, तर काही मुळातच चुकीच्या यंत्राकडून केलेल्या आहेत.

आधी नक्कल कशाची करायची ते पाहू. व्हॉल्व्हचा रेडिओ आठवणारे वाचक अजून असतील. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने पन्नाशीच्या दशकात व्हॉल्व्ह वापरून गिटारचे अ‍ॅम्प बनवले, तेव्हा आवाज स्वच्छ मोठा व्हावा एवढाच त्याचा हेतू होता. वादकांनी मात्र बटण शेवटापर्यंत फिरवले. व्हॉल्व्हला जेवढा दाब देता येतो त्याहून मोठा तरंग त्याच्याकडे मागितला की तरंगाचे शेंडे चेपले जातात. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष आहे; त्याला विरूपण म्हणतात. वादकांना तो दोषच आवडला! पुढे साठीच्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडरच्याच ‘बासमन’ या अ‍ॅम्पचे मंडल समोर ठेवून, तिथे मिळतील ते भाग वापरून पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला. ती नक्कल हुबेहूब उतरली नाही, म्हणून तर मार्शलचा असा वेगळा आवाज जन्माला आला. आज ज्या आवाजाची बिनचूक प्रत मागितली जाते, तो स्वतःच एक चुकलेली प्रत आहे.

शेंडे चेपल्याने काय होते हे अकरावी-बारावीच्या मुलांना त्रिकोणमितीने दाखवता येते. अ‍ॅम्प सरळ रेषेत वाढवत असेल तर sin x चे ५ sin x होईल, नवे काही निपजणार नाही. पण आलेख वाकडा असेल तर उत्तरात वर्ग-घनाची पदे येतात. ज्या‑क्ष, म्हणजे साइन क्ष, याचा वर्ग केला की दुप्पट कोनाचे पद मिळते, घन केला की तिप्पट कोनाचे. म्हणजे ११० हर्ट्झचा स्वर आत गेला तर बाहेर २२० आणि ३३० हर्ट्झचेही येतात. दोन्ही बाजूंचे शेंडे सारखेच चेपले तर विषम पटीचे अधिस्वर येतात. एक बाजू अधिक चेपली तर सम पटीचेही. खरी गंमत दोन स्वर एकत्र गेल्यावर होते. ११० आणि १६५ हर्ट्झ, म्हणजे आपल्या भाषेत षड्ज-पंचम, असे एकदम वाजवले की बेरजेचा २७५ आणि वजाबाकीचा ५५ हर्ट्झचा स्वरही उमटतो. ५५ म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. तोच प्रयोग ११० आणि १३८.६ वर करा, म्हणजे पाश्चात्त्य समविभागी सप्तकातल्या षड्ज-गांधारावर. वजाबाकी येते २८.६, बेरीज २४८.६, ही कशाचीच नेमकी पट नाही, म्हणून आवाज गढूळ होतो. रॉकचे गिटारवादक कर्कश आवाजात बहुधा षड्ज-पंचमाचीच जोडी का वाजवतात, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे.

मात्र फळ्यावरचा हा घन खऱ्या अ‍ॅम्पला पुरत नाही. तार जोरात छेडली की अ‍ॅम्पच्या वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खाली जातो आणि सावकाश वर येतो. आवाज आधी दबतो, मग फुलतो. मंडलाला अशी एक अल्पकाळची स्मृती असते. बोटांना जे ‘वाटते’ म्हणतात त्यातला बराच भाग हाच आहे, आणि तो गणिताच्या आवाक्यात आहे. मंडलातला एकेक भाग समीकरणाने मांडून तो गाठता येतो, पण त्याला आकडेमोड फार लागते. तेव्हा चिप वेगवान हवी ही अपेक्षा मला रास्त वाटते.

वेगाची आणखी एका कारणासाठी गरज आहे. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर २४,००० हर्ट्झपर्यंतचेच तरंग त्यात मावतात. शेंडे चेपण्याची आकडेमोड मात्र त्याहून वरचे अधिस्वर बिनदिक्कत निर्माण करते. ५,००० हर्ट्झच्या घटकाचा सातवा अधिस्वर ३५,००० चा. तो २४,००० च्या भिंतीवर आदळून परत फिरतो आणि ४८,००० वजा ३५,००० म्हणजे १३,००० वर उमटतो. पाच हजारांशी त्याचे काहीच नाते नाही, म्हणून कानाला तो धातूसारखा खरखरीत लागतो. चित्रपटात बैलगाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, तसलाच हा प्रकार. उपाय असा की आतल्या आत कितीतरी पट अधिक नमुने घेऊन आकडेमोड करायची, वरचे गाळायचे आणि मग खाली उतरायचे. पट वाढवली की चिपवरचा भार त्या प्रमाणात वाढतो.

इथपर्यंत वादकांची बाजू बरोबर आहे. पण एका गोष्टीकडे त्यांनी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. लाइन सिक्सने पहिला मॉडेलिंग अ‍ॅम्प १९९६ साली आणला आणि राजम्याच्या दाण्याच्या आकाराची लाल ‘पॉड’ पेटी १९९८ साली. त्यानंतर फ्रॅक्टल ऑडिओची यंत्रे आली. केम्परची आली, ती खऱ्या अ‍ॅम्पमध्ये चाचणीचे संदेश सोडून त्याच्या वागणुकीची नोंद घेतात. फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचे ‘क्वाड कॉर्टेक्स’ आले, ते हेच काम यंत्रशिक्षणाने करते. प्रत्येक पिढीने साधारण एकच ग्वाही दिली, की आता फरक उरलेला नाही. मागचे यंत्र जर हुबेहूब होते तर नवे कशाला, आणि ते हुबेहूब नव्हते तर त्या वेळी ज्यांनी कान देऊन शपथेवर सांगितले त्यांच्या कानांचे काय? चिपचा वेग आणि पडद्याची रुंदी जाहिरातीत ठळक असते. नक्कल मूळ अ‍ॅम्पपासून किती ढळते हा आकडा मात्र क्वचितच दिसतो. हेलिक्स स्टेडियमचाही आठ इंची स्पर्शपडदा आधी नजरेत भरतो. त्याच्या मोठ्या आवृत्तीची अमेरिकेतली किंमत जाहीर झाली ती सुमारे २,२०० डॉलर. एवढा पैसा मागणाऱ्याकडून आकडा मागणे गैर नाही.

आता चुकीच्या जागी केलेल्या अपेक्षेकडे येऊ. ‘खऱ्या अ‍ॅम्पसारखे वाटत नाही’ ही तक्रार करणारा वादक बहुधा हेडफोन लावून बसलेला असतो, किंवा दोन लहान स्पीकरांसमोर. मॉडेलर साधारणपणे ज्याची नक्कल करतो, तो आवाज असतो स्पीकरपासून चार बोटांवर ठेवलेल्या मायक्रोफोनला ऐकू येणारा. वादकाच्या आठवणीतला आवाज वेगळा आहे: बारा इंची स्पीकर, त्यापासून तीन मीटर दूर, गुडघ्याच्या उंचीवर, आणि शेजारी तक्रार करतील इतका मोठा. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. घरी हळू आवाजात मनासारखा जुळवलेला सूर रंगमंचावर घुमू लागतो, याचे मुख्य कारण चिपमध्ये नसून कानात आहे. शिवाय मोठ्या अ‍ॅम्पचा आवाज हवेतून परत येऊन गिटारच्या तारांनाच हलवतो आणि स्वर लांबतो. हेडफोनमध्ये ही हवाच नाही. तिथे कितीही वेगवान चिप बसवा, तार हलणार नाही.

विलंबाविषयीची ओरडही तपासून घ्यावी. आकडेमोडीला काही मिलिसेकंद लागतात हे खरे. पण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. तीन मीटरवरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आवाज जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार केलेली नाही.

यावर कोणी म्हणेल की अनुभवी वादकाच्या कानावर अविश्वास दाखवणारे तुम्ही कोण. प्रश्न योग्य आहे. व्हायोलिनच्या बाबतीत तो कसा सोडवला गेला ते पाहा. क्लाउडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली इंडियानापोलिस येथे २१ वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून सहा व्हायोलिनी वाजवायला दिल्या. तीन नव्या आणि तीन जुन्या, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हरीच्या. नवी कोणती आणि जुनी कोणती हे बहुतेकांना ओळखता आले नाही आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हरीला. वादकांचे कान खोटे नव्हते. डोळे बंद केल्यावर ते निराळे काही सांगू लागले इतकेच. मॉडेलर आणि व्हॉल्व्ह यांची तुलना डोळे झाकून, आणि दोन्हींचा मोठेपणा मोजून सारखा करून, केलेली नसेल तर मी ती वाचत नाही. अर्धा डेसिबल मोठा असलेलाही आवाज ‘अधिक जिवंत’ वाटू शकतो.

(आपल्याकडे हा वाद इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावरून झालेला आहे. जवारीमुळे तंबोऱ्याला अधिस्वरांची श्रीमंती कशी येते, यावर सी. व्ही. रामन यांनी विसाच्या दशकाच्या आरंभीच लिहिले होते. पेटीतला तंबोरा मिरजेच्या तंबोऱ्यासारखा वाजतो असे म्हणणारा गवई मला भेटलेला नाही, पण प्रवासाला निघताना पेटी बहुतेकांच्या पिशवीत असते.)

राहिली प्रत काढण्याची सोय. खऱ्या अ‍ॅम्पची अशी प्रत म्हणजे छायाचित्र असते. बटणे ज्या जागी होती तिथला आवाज उत्तम येतो. बटण फिरवल्यावर अ‍ॅम्प कसा बदलला असता हे त्या छायाचित्राला ठाऊक नसते. समीकरणांनी केलेल्या प्रतिकृतीला ते ठाऊक असते, पण त्या एका विशिष्ट अ‍ॅम्पचे वय आणि खोडी तिच्यात नसतात. दोन्ही हव्यात ही वादकांची मागणी मला पटते. हेलिक्स स्टेडियममध्ये लाइन सिक्सने ही सोय ‘प्रॉक्सी’ नावाने जाहीर केली, पण ती देऊ केली नंतरच्या सुधारित आवृत्तीत. क्वाड कॉर्टेक्सच्या ग्राहकांनाही एका गाजावाजा झालेल्या सोयीसाठी काही वर्षे वाट पाहावी लागली होती. आश्वासनाचे पैसे आज घेऊन वस्तू पुढे कधीतरी देणे हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे, की अपेक्षांच्या याद्यांत ‘पहिल्या दिवशी सगळे तयार असावे’ ही अपेक्षा तळाशी दिसते. माझ्या यादीत ती पहिली असती.

एखादा माजी विद्यार्थी असले यंत्र घ्यायला निघाला आणि सल्ला मागू लागला, तर त्याला दुकानात दोन गोष्टी करून पाहायला सांगावे. गिटारवरचे आवाजाचे बटण निम्म्यावर आणून हळू छेडायचे, मग जोरात. चेपलेला आवाज हळू छेडल्यावर स्वच्छ होत गेला पाहिजे. दुसरे, विरूपण भरपूर ठेवून वरच्या पट्टीतला एक स्वर घ्यायचा आणि तार ओढून तो हळूहळू चढवायचा. खरा अधिस्वर स्वराबरोबर चढतो. भिंतीवरून परतलेला उलट जातो: घटक ५,००० चा ५,१०० झाला की सातवा अधिस्वर ३५,७०० होतो आणि उमटतो १२,३०० वर, म्हणजे आधीपेक्षा सातशेने खाली. स्वर चढत असताना त्यामागे बारीकसा काही उतरताना ऐकू आले, तर ते यंत्र तसेच टेबलावर ठेवून पुढचे मागवावे.